अधांतरी बसलेला माणूस

१८८७ च्या सुमाराचं एक छायाचित्र आहे. दोन माणसं दोन खुर्च्यांवर हात पसरून बसली आहेत, हातांना तिरक्या काठ्यांचा टेकू आहे आणि दोघांच्या मधोमध, त्यांच्याच हातांच्या भरवशावर, एका फळीवर काइची वातानाबे नावाचा जपानी अभियंता बसला आहे. स्कॉटलंडमध्ये तेव्हा फोर्थच्या खाडीवर रेल्वेचा पूल उभा राहत होता. १८७९ साली टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसकट कोसळलेला, त्यामुळे पूल म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. त्यांची समजूत घालायला पुलाचा अभियंता बेंजामिन बेकर यानं हा माणसांचा पूल मांडला. एक टोक धरून दुसरं अधांतरी ठेवायच्या या रचनेचं मूळ पूर्वेकडचं, त्या ऋणाची आठवण म्हणून मध्ये जपानी माणूस. ऋण मानायची ही तऱ्हा मात्र न्यारीच: ज्याचे उपकार, त्यालाच अधांतरी बसवायचं!

मला माया वाटते ती दोन्ही टोकांच्या विटांच्या राशींची. खुर्चीवाल्यांचे बाहेरचे हात दोरानं त्यांना बांधलेले आहेत. त्या नसत्या, तर दोघेही वातानाबेच्या अंगावर आले असते. पण छायाचित्र बघताना विटांकडे कोण बघतो?

घराची गॅलरीही याच गोत्रातली. खाली खांब नाही. भारानं ती झुकू पाहते तेव्हा वरचं अंग ताणलं जातं आणि काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला घालतात आणि घरात खोलवर नेतात. आपण बाहेर पाऊस बघत चहा पितो, तेव्हा आतल्या पलंगाखालची जमीन आपल्याला धरून असते.

गावाहून आलेली आमची आजी गॅलरीत कधी गेलीच नाही. “खाली काय आहे रे?” असं विचारायची आणि काही नाही म्हटलं की उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसायची. स्थापत्याच्या हिशेबानं ती अगदी नेमक्या जागी बसत होती. बाहेर आम्ही नातवंडं कठड्याला लोंबकळत असू आणि आत तिचं वजन.

तिची शंका काही निराधार नव्हती. पेनसिल्व्हेनियात १९३० च्या दशकात वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटनं कॉफमन कुटुंबासाठी घर बांधलं. त्यांना धबधबा समोर दिसायला हवा होता. राइटनं घरच धबधब्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. आता धबधबा बघायचा तर घराबाहेर पडा! त्याच्या अधांतरी सज्ज्यात सळया कमी पडतील या धास्तीनं इतरांनी गुपचूप जास्तीच्या घातल्या, त्यावर राइट चिडला. तरी सज्जा झुकलाच, आणि वर्षानुवर्षं झुकत राहिला, जवळजवळ सात इंच. २००२ साली पोलादी दोर ताणून त्याला सावरलं, पण पुन्हा ताठ करायचा हट्ट कुणी धरला नाही; आणखी वाकू नये, एवढीच सोय केली. उतारवयात इतकी समजूतदार माणसं भेटली, हे त्या सज्ज्याचं नशीबच.