शिबिराचा लीडर

राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एन.एस.एस.च्या, प्रत्येक युनिटला एक लीडर असतो. तो निवडून आलेला नसतो आणि त्याला कुणी नेमलेलंही नसतं. पहिल्या बैठकीत सर विचारतात, "हजेरीपट कोण धरतंय?" आणि हा धरतो. मग पदवी हातात पडेपर्यंत तो हजेरीपट काही सुटत नाही.

त्याच्या छातीवर बिल्ला असतो. बिल्ल्यावरचं चक्र कोणार्कच्या सूर्यमंदिरातलं, त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर आणि आठही प्रहर आपण सेवेला तयार, असं तो नव्या पोरांना समजावतो. पहाटेच्या प्रभातफेरीच्या वेळी मात्र त्याच्या सूचना पांघरुणातून येतात.

भाषण करायचं झालं की तो 1969 पासून सुरुवात करतो. गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष, 24 सप्टेंबर, 37 विद्यापीठं, चाळीस हजार विद्यार्थी! आकडे बिनचूक. पण पोहे गार होतात तरी तो 1970 ला पोचलेला नसतो. योजनेचं ब्रीद आहे 'मी नव्हे, तुम्ही'. ते त्याच्याइतकं कुणीच पाळत नाही. टिकाव कुणी घ्यायचा? मी नव्हे, तुम्ही. घमेली कुणी उचलायची? मी नव्हे, तुम्ही. फोटोत मधोमध कोण, एवढ्या एका बाबतीत तो ब्रीदाला अपवाद करतो.

त्याचा खरा बहर सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात. दत्तक गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. पथनाट्य व्यसनमुक्तीवर, आणि त्यात दारुड्याचं काम त्याचंच. तेवढी एकच भूमिका तो तालमीशिवाय करतो. गाव पोट धरून हसतं आणि गावातले खरे दारुडे सर्वांत पुढे बसून दाद देतात.

सर्वेक्षणाला तो वही घेऊन घरोघर जातो. "आजी, गावात पाण्याची समस्या आहे का?"

"नव्हती रं बाबा. परवापासनं तुमी पन्नास जण आंघुळी करताय, तवापासनं हाय."

लीडर वहीत लिहितो : 'समस्या – आहे.'

मग वनराई बंधारा. पावसाळा संपल्यावर ओढ्याची धार टिकून असते, तेवढ्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती आडवी रचायची. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना धीर येतो आणि रब्बीला एखाद-दुसरं पाणी मिळतं. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, म्हणून तो दरवर्षी नव्यानं बांधायचा. लीडर काठीनं जमिनीवर नकाशा काढून हे सगळं सांगत असतो. बांधावर बसलेला म्हातारा तंबाखू मळत ऐकून घेतो आणि म्हणतो, "पोरांनो, समदं बराबर हाय. पर हितं खाली निस्ती वाळू. पानी बुडातनं निघून जाईल. ईस पावलं वर सरका, तिथं खडक लागतोय."

पोरं गुपचूप पोती उचलून वर सरकतात. सगळ्यात आधी सरकते ती एक मुलगी. पहिल्या दिवसापासून ती एकही शब्द न बोलता पोती शिवते आहे. तिचं नाव हजेरीपट हातात असूनही लीडरला ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत पाणी तटतं. अहवालात लीडर लिहितो : 'स्थानिक परिस्थितीचा सखोल अभ्यास करून जागा निश्चित करण्यात आली.'

तरी त्याला नुसतं हसून भागत नाही. पोती कमी पडली तेव्हा तालुक्याच्या गावी जाऊन, बांधकामं पालथी घालून पोती आणली ती त्यानंच. सरपंचांचा ट्रॅक्टर फुकटात मिळवला त्यानं. किराणावाल्याकडून उधारीवर तांदूळ आणला त्यानं, आणि ती उधारी पुढे सरांनी फेडली. परक्या दारात उभं राहून चार माणसांसाठी मागायला निबरपणा लागतो, तो त्याच्याकडे भरपूर आहे. मागणं त्याला येतं. ऐकणं अजून यायचंय.

विद्यापीठाच्या हिशेबात स्वयंसेवकाची सेवा दोन वर्षांत 240 तासांची. ते तास भरले की प्रमाणपत्र मिळतं. म्हाताऱ्यानं वीस पावलं वर सरकवलं, त्या पाच मिनिटांसाठी हजेरीपटात रकाना नाही. शिबिरात शिकण्यासारखं जे होतं, ते मात्र त्याच पाच मिनिटांत होतं. खडक कुठं लागतो ते ज्याला ठाऊक आहे, त्याला आधी विचारावं आणि मग माणसं कामाला लावावीत. पुढारीपण म्हणतात ते याहून फारसं वेगळं नाही.

तेव्हा यंदा तुमच्या गावात शिबिर आलं, तर समारोपाला लीडरला नारळ आणि शाल देऊ नका. पहिल्याच दिवशी त्याच्या हातातला हजेरीपट काढून त्या पोती शिवणाऱ्या मुलीकडे द्या आणि त्याच्या हातात खोरं द्या. पोरगा वाईट नाही, कामाला लागेल.