मुंज दुसऱ्यांदा

आमच्या घराण्यात एका चांदीच्या वाटीवरून वाद आहे. २००४ साली भाच्याच्या मुंजीत ती वाटी भिक्षावळीत घातली कोणी? वहिनींनी की आत्याने? दोघीही ठाम. पुरावा आहे, पण तो मिनीडीव्ही कॅसेटमध्ये, आणि कॅसेट दहिवलीत माझ्या कपाटात. "कॉम्प्युटरवर घे ना, त्यात काय एवढं!" आत्या फोनवर म्हणाली. ज्यांना करायचं नसतं त्यांच्या लेखी कशातच काही एवढं नसतं.

कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक आहे. वायर बसते, कॉम्प्युटर 'टुंग' करतो, आणि आत बघावं तर मुंजीऐवजी आचाऱ्याच्या पातेल्यांचे फोटो. कारण या पिढीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबीतून कार्डावरचे फोटोच उतरतात. टेपवरचं शूटिंग बाहेर पडतं ते शेजारच्या चिमुकल्या, चार पिनांच्या भोकातून. ॲपलवाले त्याला फायरवायर म्हणतात, सोनीवाले आयलिंक, कॅमेऱ्यावर नुसतं 'डीव्ही' छापलेलं असतं आणि कागदोपत्री नाव आयईईई १३९४. इतकी नावं विष्णूला शोभतात, वायरीला नाही. नवे लॅपटॉप तर तिला ओळखही दाखवत नाहीत. ज्या ॲपलने तिला वाढवलं, त्यांनीही २०२५ च्या मॅकओएसमधून तिला घराबाहेर काढलं.

कर्जत बाजारातल्या दुकानदाराने कॅमेरा उलटापालटा केला, भोकात फुंकर मारली आणि विचारलं, "चार्जर पायजे का?" मग ऑनलाइन शोधलं. एका टोकाला चार पिना, दुसऱ्याला यूएसबी अशी वायर तिथे वडापावच्या भावात मिळते. ती घेऊ नका. दोन्ही टोकं चपखल बसतात, पण दोघांची भाषा एकमेकांना समजवणारी चिपच मध्ये नसते. एकाच ओसरीवर राहून बोलणं टाकलेल्या चुलतभावांसारखा कॅमेरा आणि कॉम्प्युटर एकमेकांकडे बघत बसतात.

शेवटी कर्जत लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठला आणि जुन्या डेस्कटॉपसाठी फायरवायरचं कार्ड आणलं. त्याचा जुना ड्रायव्हर विंडोज ८ पासून वगळलेला, तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. ही अक्कल फोनवरून दिली खुद्द बटूने. तो आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याला वाटीत काडीचा रस नाही.

सगळं जुळलं आणि पाऊस लागला. दहिवलीच्या जुलैत पापड, मीठ आणि कॅमेरा यांची एकच गत होते. पडद्यावर थेंबाची खूण आली आणि यंत्राने कॅसेट फिरवायला साफ नकार दिला. आत दव साचलं की टेप चिकटून तुटू नये म्हणून ही सोय असते. आई म्हणाली, "तांदळाच्या डब्यात ठेव." कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-३, कर्जत-७ असे वाण काढले, पण ते कॅमेरे सुकवायला काढले नसावेत. तांदळाची कणी त्या नाजूक चाकांत गेली की मुंज कायमची संपली. कॅसेटचं दार उघडं टाकून कॅमेरा कोरड्या जागी ठेवला, तेव्हा कुठे खूण गेली.

आता खरी गंमत. डीव्हीची टेप कॉपी होत नाही, ती वाजते. तासाभराची मुंज उतरायला तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा खाते. त्यामुळे निकाल ऐकायला जमलेल्या मंडळींसाठी चहा झाला, पोहे झाले, मातृभोजनाला आईचे डोळेही पुन्हा भरून आले. मंगलाष्टकं चालू असताना शूटिंग थांबलं. जुनी हार्ड डिस्क एफएटी३२ ची, ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही, म्हणजे वीसेक मिनिटांनी हात वर. ते निस्तरलं तर वीज गेली. आत्या म्हणाली, "तेव्हाही गेलीच होती."

अखेर भिक्षावळ आली. सगळे पुढे सरकले. वाटी झोळीत पडली. पडद्यावर मनगट स्पष्ट, हिरवा चुडा स्पष्ट, चेहरा चौकटीबाहेर. हिरवा चुडा त्या दिवशी दोघींच्याही हातात होता.

आत्याच्या मते खरा पुरावा तिच्या दिरांनी काढलेल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये आहे. ती हाय-एटची निघाली. माझ्या कॅमेऱ्यात बसतच नाही. कर्जत, नेरळ, खोपोली भागात कुणाकडे चालू हाय-एट कॅमेरा असेल तर कृपया दहिवलीला घेऊन या. स्टेशनवरचा वडापाव माझ्याकडून.