नुरा कुस्ती ओळखावी कागलकरांनी

१९८९ साली अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीवाल्यांनीच न्यू जर्सीच्या सिनेटला कळवून टाकले, की आमचा खेळ म्हणजे निव्वळ करमणूक. कारण साधे होते. खेळ म्हटला की सरकारी देखरेख आणि कर आलेच.

कोल्हापूरजवळच्या कागलच्या बाजूला असा कबुलीजबाब कोणी दिला, तर हलगीवाला आधी त्यालाच वाजवील. शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. १९१२ साली कोल्हापूरला खासबाग मैदान उभे राहिले ते त्यांच्यामुळे. तेव्हा इथल्या माणसाला कुस्ती दाखवायला निघणे हे जरा धाडसाचेच. दोन मल्ल पाच मिनिटे नुसती मान घासत राहिले, की मागच्या रांगेतून आवाज येतो, "पावणं, लगीन ठरवायला आलायसा का?" पंच घड्याळ बघतात, निवेदक दोघांच्या वस्तादांचे गुणगान वाढवतो आणि कुस्ती बरोबरीत सुटते. इनाम निम्मे-निम्मे. हीच ती नुरा कुस्ती, आतून आधीच ठरलेली. प्रेक्षक मात्र पुढचे चार दिवस कट्ट्यावर ती कुस्ती पुन्हा खेळतात.

हीच तयार नजर कागलच्या गैबी चौकातल्या राजकीय सभेत कुठे जाते, कोण जाणे. मंडलिक, मुश्रीफ, घाटगे हे इथले राजकीय गट: या तालुक्यात गुरू-शिष्यही समोरासमोर आले आणि हाडवैरीही गळ्यात पडले. २००९ साली सदाशिवराव मंडलिक स्वपक्षाविरुद्ध अपक्ष लढून लोकसभेवर गेले, ती मात्र निकाली कुस्ती. बाकीच्या जोड्या नेत्यांनी सोडवल्या. कार्यकर्त्यांची शेजाऱ्याशी धरलेली अबोल्याची पकड अजून सुटलेली नाही.