दुसऱ्या कारणापासून

केंदूरचे आमचे विज्ञानाचे सर एड्सची कारणं शिकवायचे ती दुसऱ्या कारणापासून. फळ्यावर मथळा, त्याखाली वीतभर कोरी जागा, मग २) दूषित रक्त, ३) दूषित सुया, ४) बाधित आईकडून बाळाला. पोरंही इमानदार. वहीत एकची ओळ मोकळी सोडून खालचं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची. एखाद्या नवख्यानं ‘सर, पहिलं?’ म्हणून हात वर केलाच, तर सर हाताला लागलेली खडूची पूड झटकत म्हणायचे, ‘ते ऑप्शनला टाका.’

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. शाळेचं नाव विचारू नका. पाबळपासून शिक्रापूरपर्यंत कुठल्याही शाळेत हे सर सापडतील. आमच्याकडचे केंदूरहून मोटरसायकलवर यायचे, एवढंच. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळाला बुक्का. कान्हूराज पाठक महाराजांच्या गावचा माणूस, एकादशी चुकायची नाही, कीर्तनात टाळ घेऊन उभा. कामचुकार म्हणाल तर मुळीच नाही. जास्वंदीचं फूल ब्लेडनं उभं चिरून पुंकेसर, स्त्रीकेसर असे दाखवायचे की शेवटच्या बाकावरचं झोपाळू पोरगंही उठून पुढे यायचं.

आणि गाईचा विषय निघाला तर सरांइतका मोकळा माणूस तालुक्यात नसेल. घरची जर्सी माजावर आली की डॉक्टरला फोन स्टाफरूममधूनच लागायचा. ‘कांडी एचएफची आणा हो, मागच्या वेळी गाय उलटली.’ पलीकडे इंग्रजीच्या बाई पेपर तपासत बसलेल्या, दारात दोन पोरी हजेरीपट घेऊन उभ्या. सरांना त्याचं काही नाही. एका रविवारी त्यांच्या गोठ्यावर गेलो, तर गाईचं शेपूट धरून उभे राहिलेले सर शेजारपाजारच्या पोरांना गर्भाशयाचं तोंड कुठं, कांडी सोडायची कुठं, माज ओळखायचा कसा, हे सगळं खणखणीत आवाजात समजावत होते. माणूस मात्र त्यांच्या लेखी सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत आपोआप उगवायचा. दहावीचा प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचून घ्या’. घरी वाचायला बसलेल्या पोराला बाप विचारायचा, ‘हे असलं शिकवतात व्हय शाळेत?’ पोरगं खरं तेच सांगायचं, ‘नाही शिकवत.’

२००५ साली केंद्राचं मनुष्यबळ विकास खातं आणि एड्स नियंत्रणाचं काम बघणारी नॅको यांनी मिळून किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम काढला. प्रशिक्षणाला एक शिक्षक पाठवायचा होता. विज्ञानाचे म्हणून सरांचं नाव गेलं. परत आले ते दोन दिवस कोणाशी बोललेच नाहीत. मग एकदा चहाच्या टपरीमागे मला म्हणाले, ‘अहो, तिथं आमच्याकडून ते शब्द मोठ्यानं म्हणवून घेतले.’

‘कोणते?’

‘तेच.’

सोबत मिळालेला चित्रांचा तक्ता आणि पुस्तिका त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटात गंधकाम्लाच्या बाटलीमागे ठेवल्या. ‘तिथं कोणी हात घालत नाही,’ म्हणाले. कपाटाची किल्ली त्या दिवसापासून करगोट्याला.

पुढे २००७ उजाडलं. त्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला. एरवी पाण्याच्या आवर्तनावरूनही ज्यांचं एकमत होत नाही ते सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात बोलले, आणि महाराष्ट्रानं कार्यक्रमच थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांनीही तेच केलं. एचआयव्हीचा प्रादुर्भाव जास्त म्हणून नॅको त्या काळी जी सहा राज्यं मोजायचं, त्यांत महाराष्ट्र होता आणि कर्नाटकही होतं, ही गोष्ट गदारोळात कोणाच्या कानावर गेली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ज्या राज्याच्या भाषेत लैंगिक आरोग्यावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, त्या राज्यात ऐंशी वर्षांनी ही अवस्था. असो. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर ‘गाय गाभण राहिली’ म्हणाले. गाय राहिली होती हे खरं, पण तिला तेव्हा तीन महिने उलटून गेले होते.

सरांची खरी तत्त्वचिंतक म्हणून वाटचाल सुरू झाली ती २००९ नंतर. वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीचा अहवाल आला. शाळेत लैंगिक शिक्षण नको. लग्नाआधी संबंध नको हाच संदेश मुलांना द्या. एचआयव्ही वगैरे प्रकरणं अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात हलवा. आणि संतांची, राष्ट्रपुरुषांची चरित्रं अभ्यासक्रमात घाला. सरांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. ‘बघा,’ मला म्हणाले, ‘मी आधीपासून हेच म्हणत होतो.’ वास्तविक ते आधीपासून काहीच म्हणत नव्हते, पण ते असू द्या. संतांचं म्हणाल तर सरांसारख्या टाळकऱ्याला मी काय सांगणार? तुकोबांच्या गाथेत आणि नाथांच्या भारुडांत रोखठोक बोलण्याची लाज कुठं दिसत नाही. ते अभंग आले की मात्र सर बोट ओलं करून गाथेची दोन-दोन पानं एकदम उलटायचे.

अमेरिकेचा दाखलाही त्यांना कुठूनसा मिळाला. तिथं १९९६ च्या कायद्यानं फक्त संयम शिकवण्यासाठी दर वर्षाला पाच कोटी डॉलर बाजूला काढले होते. २००३ च्या कायद्यानं परदेशांतल्या एड्स प्रतिबंधाच्या मदतीतलाही तिसरा हिस्सा लग्नापर्यंतच्या संयमाला बांधून टाकला. ‘अमेरिकासुद्धा!’ सर म्हणायचे. मी म्हणालो, ‘सर, तिथल्याच संसदेनं त्याची तपासणी करून घेतली. २००७ सालीच निकाल आला. ज्यांना संयम शिकवला ती पोरं आणि ज्यांना नाही शिकवला ती पोरं, वागायला सारखीच निघाली.’ सर क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, ‘शिकवणारे तिकडचे होते ना.’

इकडचे शिकवणारे म्हणजे हेच. ‘मुलांनो, संयम पाळा.’ मुलं विचारायची, ‘कशाचा, सर?’ आणि इथं सर अडायचे. कशाचा हे सांगायचं तर पुन्हा फळ्यावरच्या त्या कोऱ्या जागेशीच येऊन उभं राहायचं. मग सर सुटका करून घ्यायचे, ‘सगळ्याचाच.’ एक डिसेंबरच्या, म्हणजे एड्स दिनाच्या, निबंध स्पर्धेत आठवीतल्या एकानं लिहिलं होतं की, मी शाळेबाहेरच्या चिंचा आणि बर्फाचा गोळा सोडला, त्यामुळे मला एड्स होणार नाही. शुद्धलेखन चांगलं होतं. दुसरा नंबर मीच दिला.

त्या दिवशी फेरी निघायची. कागदी लाल फिती, पुढे झांजपथक, घोषणा सरांनीच बांधलेल्या: ‘संयम पाळा, रोग टाळा!’ पारावरच्या एका आजीनं एकदा फेरीतल्या पोरीला थांबवून विचारलं, ‘कशानं होतो गं हा रोग?’ पोरगी आदरानं म्हणाली, ‘सर म्हणतात दहावीत कळेल.’ दहावीतली पोरगी मागूनच येत होती. ती म्हणाली, ‘आम्हाला म्हणाले बारावीत.’ आजीनं हिशेब पूर्ण केला, ‘म्हंजी लग्न झाल्यावर.’

या सगळ्याचा फटका बसला तो सलूनवाल्याला. सर तिसऱ्या कारणावर इतकं जीव तोडून शिकवायचे, सुई, ब्लेड, वस्तरा यांचं असं वर्णन करायचे की पोरांच्या मनात एड्स म्हणजे सलून हे पक्कं बसलं. मिसरूड फुटलेली पोरं घरून ब्लेड घेऊन जायची, ते चिमट्यात घालेपर्यंत त्याच्या हातावरची नजर हलवायची नाहीत, आणि कान जरासा खरचटला तरी रडकुंडीला यायची. तो बिचारा एक दिवस शाळेत येऊन सरांपुढे उभा राहिला. ‘मास्तर, नवं ब्लेड टाकतो मी दरवेळी, देवाशपथ. पन दुसरं काय कारण असतंय का न्हाई ह्या रोगाला? का सगळा माझ्याच डोक्यावर?’ सर म्हणाले, ‘आहे ना. रक्त आहे.’ ‘आन अजून?’ ‘आई-बाळ आहे.’ तो वाट बघत राहिला. सरांनी घड्याळ बघितलं आणि तासाची घंटा व्हायला अवकाश असताना वर्गावर निघून गेले.

त्याच पोरांमधली काही पुढे रांजणगावच्या कंपन्यांत लागली, काही चाकणला, काही नगर रोडवर ट्रकवर. ब्लेडच्या बाबतीत सगळी अतिशय जपून राहतात.

सर निवृत्त झाले. परवा गावच्या यात्रेत आरोग्यवाल्यांचा स्टॉल लागला होता. सरांचाच एक विद्यार्थी आता समुपदेशक आहे. टेबलावर लाकडी मॉडेल ठेवून, हातात पाकीट फोडून, निरोध कसा वापरायचा ते माइकवरून सांगत होता. पहिलं कारण पहिलंच सांगितलं, आणि फुकट तपासणी कुठं होते, १०९७ वर फोन केला तर नाव सांगावं लागत नाही, हेही. सर गर्दीत माझ्या पुढेच उभे होते, अंगठ्यानं बुक्का नीट करत. हललेही नाहीत. संपल्यावर मागे वळून म्हणाले, ‘विद्यार्थी माझा आहे. पाया आपण घातलेला.’

मी मान डोलावली.

‘फक्त,’ सर आवाज खाली आणून म्हणाले, ‘माइक नको होता. बायका आहेत हो.’

बायका होत्याच. पुढची सतरंजी त्यांचीच होती, आणि बाजूनं आणखी येत होत्या. त्यातल्या एकीनं पदर खोचत सरांच्या खांद्याला हलकेच टोचलं. ‘मास्तर, जरा बाजूला व्हता का? दिसंना आम्हाला.’