सांगितलं असतंस तर केलं असतं!

2024 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांना विचारलं, काल दिवसभर काय केलंत? हिशेब निघाला तो असा: घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला 289 मिनिटं, पुरुषाची 88. हे वाचून अनेकांची छाती फुगली. जवळजवळ दीड तास! अहो, थांबा. ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांची आहे, आणि असे पुरुष शंभरात साधारण 27. बाकीचे 73 जण घरात होते, पण लॉजवर उतरल्यासारखे.

सर्वेक्षणाची रीतही बघण्यासारखी आहे. पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि एका रकान्यात जास्तीत जास्त तीन कामं. ज्याने हे ठरवलं, त्याने सकाळी सात ते साडेसात या वेळात स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नसावं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दोन डबे भरायचे, पाणी जायच्या आत पिंप भरायचं, घंटागाडी आली की ओला-सुका कचरा घेऊन धावायचं, आणि वर "आई, माझा दुसरा मोजा?" चौथ्या कामापासून पुढचं सगळं सरकारदरबारी झालेलंच नाही.

आणि लक्षात ठेवणं? त्याला तर रकानाच नाही. इडलीचे डाळ-तांदूळ आज भिजवायचे, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, शनिवारी पालकसभा आहे. हे सगळं एकीच्या डोक्यात. दुसऱ्याच्या तोंडी ठरलेलं वाक्य: "सांगितलं असतंस तर केलं असतं!" हाच माणूस ऑफिसात साहेबांनी सांगायच्या आत रिपोर्ट पाठवतो.

नाही म्हणायला रविवार येतो. घरचे साहेब मिसळ करतात. जिरं कुठंय, मोठं पातेलं कुठंय, गोडा मसाला यातला कुठला, अशी चौकशी दर दोन मिनिटांनी. टाइल्सवर तर्रीचे शिंतोडे, सिंकमध्ये घरातली यच्चयावत भांडी, आणि फॅमिली ग्रुपवर फोटो. खाली आत्यापासून मावसबहिणीपर्यंत सगळ्यांचे अंगठे. सासूबाई म्हणतात, "दमला असेल गं, बसू दे त्याला जरा." सोमवार ते शनिवार तिच्या पोळ्यांचा फोटो कोणी काढल्याचं ऐकिवात नाही.

दोघंही नोकरी करतात त्या घरांत म्हणे समानता आली आहे. आली खरी, पण ती तिसऱ्या बाईच्या जिवावर. धुणंभांडी मावशी करतात, पोळ्या दुसऱ्या ताई लाटून जातात, आणि यातल्या कोणी दांडी मारली की "आज येत न्हाई" हा फोन कोणाच्या मोबाइलवर येतो? साहेबांचा नंबर मावशींकडे नसतोच.

2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. चांगलं केलं, कौतुकही झालं. ती पोरं आता आठवी-नववीत असतील. भाजी निवडायला बसलेला बाप पुस्तकाबाहेर किती वेळा दिसला, ते त्यांनाच विचारा. वर मुलीला "चहा टाक गं" आणि मुलाला "अभ्यास कर रे" हे अजून चालूच आहे.

सरकारच्या रकान्यांवर विश्वास नसेल तर आणखी एक दस्तऐवज आहे, तुमच्याच भिंतीवर. कालनिर्णयचं पान बघा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या, नळपट्टीची मुदत. अक्षर कोणाचं आहे? तुमचं असेल तर हे सदर तुमच्यासाठी नाही. नसेल, तर पुढच्या महिन्यापासून पेन तुम्ही घ्या. आणि पेन कुठं ठेवलंय, हे तिला विचारू नका.