नानांच्या भिंतीला घाम

अगं ये जरा गडग्याजवळ. वाटण काही पळून जात नाही. हळू बोल, नाना पडवीतच बसलेत.

त्यांच्या मुंबईच्या धाकट्यानं माजघरालगतची खोली पाहुण्यांसाठी केली ना मे महिन्यात? एसी बसवला, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना आतून थर्माकोल, त्यावर चकचकीत पीव्हीसीची पॅनेलं. बाहेरून सिमेंटचा गिलावा नि वॉटरप्रूफ रंग आधीचाच. मी तेव्हाच म्हटलं होतं... बरं, म्हटलं नव्हतं. मनात आलं होतं.

काल गणपतीच्या आवराआवरीला खोली उघडली, तर भिजलं घोंगडं कोंडून ठेवावं तसा वास! सुतारानं एक पॅनेल काढलं. मी तिथेच होते गं, नारळ मागायला गेले होते. थर्माकोल मुंग्यांनी पोखरलेला, मागे काळी बुरशी, आणि भिंतीला बोट लावलं तर पाण्याचा ओघळ थेट कोपरापर्यंत. नानांच्या वडलांनी त्या भिंतीवर पेन्सिलीनं आंब्याच्या पेट्यांचा हिशोब लिहिलेला. त्यातलं आता 'पेट्या, मुंबई' एवढंच वाचता येतं. नाना काहीच बोलले नाहीत, चष्मा तेवढा पुसत राहिले.

सुतार म्हणे, छप्पर गळतंय. कसलं गळतंय? कौलं माझ्यादेखत चाळली यंदा. रात्री लीड्सला लेकीला फोन केला, तर ती म्हणे, आई, आमच्या गल्लीत हेच चाललंय, फक्त उलटं. तिचं घर सव्वाशे वर्षांचं, ९ इंची भरीव विटेची भिंत, मधे पोकळी नाही. तिकडे बाहेर थंडी आणि आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आत. आतून फोम ठोकला की भिंतीला घरची ऊब मिळत नाही, ती गार पडते. फटींतून मागे शिरलेली वाफ तिथंच पाणी होऊन बसते. कुणाकुणाच्या तर भिंतीत खोचलेल्या तुळयांची टोकंही कुजली म्हणे.

आपल्याकडे दमट हवा बाहेर. पावसाळ्यात २४-२५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूला घाम सुटतो, गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा. आणि यांचा एसी २० वर! त्यातून भिंत जांभ्याची, पाणी पिणारी. सिमेंटला बारीक भेगा गेल्या, ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, तेवढं पाणी आत शिरलं. वाळायचं कुठून? बाहेर रंग, आत प्लास्टिक.

लेकीनं काय केलं माहितेय? आधी छपराच्या पन्हळी दुरुस्त केल्या. मग लाकडाच्या तंतूंचे बोर्ड, मागे पोकळी न ठेवता, भिंतीला घट्ट बसवले आणि वर चुन्याचा गिलावा. वाफ येते तशी जाते. बोर्डही फार जाड घेतले नाहीत. अगदी गार भिंत पाऊस पडला की लवकर सुकत नाही म्हणे. चुना लावणारा गवंडी तिथे महागडा, महिनाभर वाट पाहावी लागली. आणि आमच्या मामंजींनी गूळ नि बेलफळाचा गर घालून मुरवलेला चुना आम्ही टिकाव घालून खरवडला, सिमेंट लावायला!

हो, आमच्यातही. परसाकडची भिंत बघ ना, कमरेपर्यंत पोपडे आलेत. तिथली पडवी काढून न्हाणी वाढवली, तेव्हापासून पाऊस थेट भिंतीवर मारतो. पूर्वी झापं तरी बांधायचे. यंदा दिवाळीनंतर सिमेंट काढायचं, उन्हाळ्यापर्यंत भिंत उघडी सुकू द्यायची, मग चुना. पण चुन्याचं काम येणारा गवंडी पंचक्रोशीत आता एकच उरलाय, तोही सत्तरी ओलांडलेला. आज सकाळीच जाऊन त्याच्या हातावर विसार ठेवून आले.

नानांना नको हं सांगूस एवढ्यात.