डाऊनला निराधार, अपला कर्जदार

वाणगाव स्टेशनाचा एक चमत्कार रेल्वेच्या वेळापत्रकात छापलेला नाही. इथून डाऊन लोकल पकडून डहाणू रोडला उतरलं की माणसाचं उत्पन्न घटतं. अप लोकल पकडून बोईसरला उतरलं की तेच उत्पन्न वाढतं. दोन्हीकडे अंतर एकेका स्टेशनाचं. माणूस तोच, हातातली पिशवी तीच, पिशवीतल्या झेरॉक्सही बऱ्याचशा त्याच. फरक इतकाच, की डहाणूला तहसील कचेरी आहे आणि बोईसरला गृहकर्जाची बँक.

कचेरीत सांगायचं, आम्हाला कुणी नाही. बँकेत सांगायचं, आम्हाला भाऊ आहे.

हिशेबापुरतं एक घर धरू. धाकटा भाऊ तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार, थोरला वसईला नोकरीत. धाकट्यानं वाणगावात स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर छोटा फ्लॅट घेतला आणि थोरला जामीन राहिला. कर्ज 15 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता 13,017 रुपये. पेढे वाटून झाले, वास्तुशांत झाली. मग एका रात्रपाळीत प्रेस मशीन खाली आलं आणि धाकट्याचा डावा पंजा गेला. हप्ता मात्र होता तिथेच राहिला. त्याला अपघात होत नाही.

अशा वेळी कायदा धावून येतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याला बोटांचा दरतक्ता जोडलेला होता. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ताकद 30 टक्के गेली, चार गेली तर 50 टक्के, पूर्ण पंजा गेला तर 60 टक्के. म्हणजे चौथं बोट एकटं 20 टक्क्यांचं, आणि गमावताना निदान ते तरी बरोबर जाईल एवढं पाहावं. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर हे टक्के लावून दरमहा काहीतरी मिळतं. पण कंत्राटी माणसाचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे, याचा शोध बहुधा पंजा गेल्यावरच सुरू होतो. ते सापडलं नाही, की माणूस डाऊन लोकलमध्ये बसतो.

डहाणूच्या कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मिळतो. 1980 मध्ये, अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. निराधार असल्याचं सिद्ध करायला पहिला कागद लागतो तो आधारचा. त्यानंतर रहिवासी दाखला, किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र, पासबुकाची झेरॉक्स आणि सगळ्यांचा राजा म्हणजे उत्पन्नाचा दाखला. सर्वसाधारण निराधाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी सरकारनं मन मोठं करून ही मर्यादा 50,000 केली आहे.

या 21,000 च्या आकड्यात काहीतरी दैवी असावं. राज्य विमा योजनेतही 2017 पासून पगाराची मर्यादा 21,000 रुपयेच आहे, फक्त ती महिन्याची. एका खात्याला महिन्याला एवढं कमावणारा कामगार संरक्षणाला पात्र वाटतो आणि दुसऱ्या खात्याला वर्षाला एवढं कमावणारं कुटुंब पुरेसं सुखवस्तू वाटतं.

गरिबीचे दर खात्याखात्यागणिक बदलतात. प्रधानमंत्री आवास योजनेत वर्षाला तीन लाखांपर्यंत कमावणारा 'आर्थिक दुर्बल' असतो. लाडकी बहीण अडीच लाखांपर्यंत लाडकी राहते. दिव्यांगाची गरिबी मात्र 50,000 लाच संपते. दिवसाला 137 रुपये धरले तर वर्षाचे 50,005 होतात, आणि माणूस पाच रुपयांनी श्रीमंत ठरतो.

वाणगावात हा हिशेब मिरचीच्या वाडीत होतो. धाकट्याची बायको मिरची तोडायला जाऊ लागली आहे. समजा तिला सरकारच्याच रोजगार हमीचा 2025-26 चा दर मिळतो, दिवसाला 312 रुपये. 160 दिवस तोडणी केली की 49,920 होतात. 161व्या दिवशी 50,232. म्हणजे 160 दिवस मिरची तोडून हात जळजळले तरी नवरा निराधारच असतो, आणि 161व्या दिवशी तिनं पहिल्या मिरचीला हात लावला की तो निराधार राहत नाही. तेव्हा त्या दिवशी तिनं सरळ माहेरी जावं.

अनुदान किती, हेही सांगायला हवं, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी असं वाटेल. 2023 पर्यंत महिन्याला 1,000 रुपये होते, मग 1,500 झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलं आहे, की इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त मिळावं. निराधारांना 1,500 मिळत होते आणि दिव्यांगांनाही 1,500. एकाच संख्येपेक्षा ती संख्या 25 टक्क्यांनी मोठी कशी, याचं गणित बराच काळ कुणी विचारलं नाही. जून 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले. त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिन्याला 6,000 द्या, ही एक होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळानं 2,500 दिले, ऑक्टोबरपासून.

त्या 2,500 चं बोईसरच्या बँकेत काय होतं, ते बघण्यासारखं आहे. पहिल्या महिन्याच्या 13,017 रुपयांच्या हप्त्यात 10,625 व्याज असतं आणि 2,392 मुद्दल. म्हणजे सरकारच्या अनुदानातून मुद्दल फिटून वर चहापुरते 108 रुपये उरतात. राहता राहिलं व्याज. ते थोरल्या भावाच्या खात्यावरून वळतं होतं. दोन वर्षांत 24 हप्ते भरून झाले, 3,12,408 रुपये गेले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम 62 हजारांनी. बाकीचे अडीच लाख थोरल्याच्या बंधुप्रेमाची पावती म्हणून बँकेकडे जमा आहेत.

आता प्रश्न असा, की हा हप्ता धाकट्याचं उत्पन्न धरायचं का?

आयकर खातं म्हणतं, नाही. भावानं भावाला दिलेल्या पैशावर कर नाही, नातं पुरेसं आहे. पण तेच खातं थोरल्याला सांगतं, की घर तुमच्या नावावर नाही, तेव्हा व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट तुम्हाला मिळणार नाही. प्रेम करमुक्त आहे, वजावटमुक्तही आहे. निराधारच्या अर्जात उत्पन्नाला रकाना आहे, भावाच्या हप्त्याला नाही. त्यामुळे हप्ता उत्पन्न आहे की नाही, हे समोर कोण बसलंय आणि सकाळपासून त्याच्यापुढे कितवा अर्ज आलाय, यावर ठरतं. गावातले अनुभवी लोक एकच सल्ला देतात: "विचारलं तर सांग. नाही विचारलं तर भाऊ मुंबईकडे असतो म्हण."

अमेरिकेत असं मोघम चालत नाही. तिथं गरीब आणि अपंग माणसाला 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' नावाची मदत मिळते. 2025 मध्ये ती महिन्याला जास्तीत जास्त 967 डॉलर होती. भावानं रोख पैसे हातात ठेवले तर पहिले वीस डॉलर सोडून बाकी रक्कम मदतीतून कापतात. म्हणून शहाणा भाऊ हप्ता परस्पर बँकेत भरतो. मग ती 'निवाऱ्याची मदत' ठरते आणि कपातीला मर्यादा येते: मदतीचा एक तृतीयांश अधिक वीस डॉलर, म्हणजे 2025 च्या दरानं 342 डॉलर 33 सेंट. तो 33 सेंटांचा काटेकोरपणा पाहून आपल्या अव्वल कारकुनांचे डोळे पाणावतील. 30 सप्टेंबर 2024 पर्यंत तर घरच्यांनी दिलेलं जेवणही या हिशेबात धरलं जायचं. म्हणजे आईनं डबा पाठवला, की डब्याची किंमत. आता डबा वगळला आहे, छप्पर अजून मोजतात. बँकेत दोन हजार डॉलरपेक्षा जास्त साठले की मदतच बंद, आणि ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. आकडा एकदा बसला की हलवायचा नाही, या बाबतीत वॉशिंग्टन आणि मंत्रालय सख्खी भावंडं शोभतील.

ब्रिटननं आणखी सोपी वाट काढली. तिथं गरजूंच्या गृहकर्जाचं व्याज सरकार भरायचं. 6 एप्रिल 2018 पासून तेच पैसे सरकार कर्ज म्हणून देतं आणि त्यावर व्याज लावतं. म्हणजे कर्जाच्या व्याजासाठी कर्ज आणि त्या कर्जावर पुन्हा व्याज. ही कल्पना बोईसरच्या बँकेपर्यंत पोचू नये म्हणून थोरल्यानं वर्तमानपत्राचं ते पान लपवून ठेवायला हरकत नाही.

वाणगावचं घर तूर्त अशा तोंडी व्यवस्थेवर उभं आहे. हप्ता पाच तारखेला कापला जातो, अनुदानाला तिथीवार नाही. ते आलं की मोबाइलवर मेसेज येतो, आणि ज्या महिन्यात येत नाही त्या महिन्यात धाकट्याची बायको दिराला फोन न करता थेट जावेला करते: "ताई, भावजींना सांगू नका, पण या वेळी जरा लवकर टाकता आलं तर बघा." थोरला पैसे टाकतो आणि मेसेजमध्ये 'हप्ता' लिहायचं टाळून 'गणपती' लिहितो. वर्षातून बारा वेळा गणपती. शिवाय दरवर्षी धाकट्यानं स्वतः जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, तो जिवंत आहे याचा. बँकेनं मात्र त्याच्या जिवंतपणाबद्दल कधी शंका घेतलेली नाही.

गेल्या आठवड्यात फेरचौकशीला तलाठी भाऊसाहेब घरी आले. आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण चहा जुन्याच नावानं देतात. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, फ्रिजवर नजर स्थिरावली. धाकट्याच्या बायकोनं न विचारताच सांगितलं, "जुना आहे. ताईंनी दिलाय."

भाऊसाहेबांनी फॉर्म उलटला. "घर स्वतःचं आहे?"

धाकट्यानं उजव्या हातानं पासबुक काढून पुढे सरकवलं. "अजून 216 हप्ते आहेत, भाऊसाहेब."

रकाना अर्ध्या इंचाचा होता. त्यांनी थोडा विचार केला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'होय'.